बोललो का काय, राव?

"बोललो का काय, राव?"

डोळे पुरते उघडायच्या आत हा प्रश्न यायचा. खोलीतला माझा जोडीदार अंथरुणावर उठून बसायचा, दोन्ही हातांनी गुडघे धरायचा आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचा. "बोललो का काय? उठलो का?" मी अजून अर्धवट झोपेत, तोंडाला कडू चव, कानात कारखान्याची घरघर. वाटायचं, उशी उचलावी आणि त्याच्या तोंडावर हाणावी.

मला तो माणूस आवडत नव्हता. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुमची फसगत नको. जुन्या ओळखीच्या माणसावर लिहायला बसलं की लोक त्याला देव करून सोडतात. मी करणार नाही. दीड वर्ष त्याच्याबरोबर एका खोलीत झोपलो. झोपलो कसला, पडलो. नाव मात्र सांगणार नाही. त्याचं जे वाटोळं करायचं ते मी तेव्हाच करून बसलोय.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर कारखान्यांची धुराडी उभी राहायला लागली होती आणि चिंचवडच्या गावठाणात कोंबड्यांच्या खुराड्यालाही भाडेकरू मिळत होता. मी वाईकडचा, नवा फिटर. खोली बघायला गेलो तेव्हा हा कोपऱ्यात तोंडावर पांघरूण घेऊन झोपला होता. सकाळचे दहा वाजले होते. "रातपाळीचा आहे," घरमालकीण काकू म्हणाल्या. "माणूस गुणी आहे हो. सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही." माझ्या आधी दोघेजण त्या गुणी माणसाला सोडून पळून गेले होते, हे काकूंनी मला सांगितलं ते दोन महिन्यांनी.

पहिल्याच संध्याकाळी त्यानं मला समोर बसवलं. "राव, एक सांगायचं हाय. मी झोपंत बोलतो. आन् चालतो बी." मग खुंटीवरून त्यानं बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ काढली. चामड्याचा पट्टा आणि त्याला सुपारीएवढी सात पितळी घुंगरं. "ही पायात बांधून निजतो. वाजली की उठायचं आन् म्हनायचं, 'बस खाली.' वरडायचं न्हाई, दचकाया व्हतं. नुसतं 'बस खाली.' मी बसतो. मंग हाताला धरून आनायचं."

"आणि मी नाही उठलो तर?"

"मंग मी कुटं जाईन, मला काय ठावं?" आणि हसला. त्याला त्यात हसण्यासारखं काय दिसलं कोण जाणे.

तुम्हाला वाटेल, महिन्यातून एखाद्या वेळी होत असेल. अहो, दिवसाआड! नुसती बडबड असली तर सुटलो म्हणायचं. झोपेत तो बैल हाकायचा. "हां सर्ज्या, वळ, वळ माज्या राजा." कधी कारखान्यातल्या मुकादमाला असा झाडायचा की ऐकत राहावं. जागेपणी त्याच मुकादमासमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. पण घुंगरं वाजली की मला उठावं लागायचं. उठायचं, "बस खाली" म्हणायचं, तो मुकाट बसायचा, हाताला धरून निजवायचं आणि मग आपण छताकडं बघत पडायचं.

त्याहून चीड यायची ती त्याच्या अदबीची. माळ बांधताना सातही घुंगरं तो मुठीत गच्च आवळून धरायचा, एक बारीकसा आवाज होऊ द्यायचा नाही. "तुमची झोपमोड नगं." अरे बाबा, पुढं रात्रभर झोपमोड करणार कोण, तूच ना? माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, तरी मला "तुमी". मी पहिल्या दिवसापासून त्याला "तू" म्हणत आलो आणि त्यानं ते कधी मनावर घेतलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

आमची दोघांची पाळी एकच. रातपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपायचो. अशाच एका दुपारी घुंगरं वाजली. ऐकली मी, पण अंग हलेना. म्हटलं, जाऊ दे, जाऊन जाऊन जाणार कुठं. तो सरळ अंगणातल्या आडावर गेला, डोळे सताड उघडे. काकूंच्या हातातला दोर घेतला आणि पाणी शेंदायला लागला. बायकांना वाटलं, जागाच आहे. एकीनं हंडा पुढं केला, दुसरीनं कळशी. बघता बघता रांग लागली. पायात घुंगरं का, हे एकीनंही विचारलं नाही. फुकट पाणी भरून मिळत होतं ना. भरलेल्या हंड्यातच तो आणखी दोन पोहरे ओतायला लागला, पाणी सगळ्या अंगणभर झालं, तेव्हा काकू मला हाका मारत आल्या.

मी जाऊन म्हटलं, "बस खाली." तो तिथंच चिखलात बसला. आख्खी आळी हसली. मीही पोट धरून हसलो. त्याला जाग आली तेव्हा त्यानं भोवतीच्या बायकांकडं बघितलंच नाही. आधी आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. मग मला म्हणाला, "हातात काय हुतं माज्या?"

"दोर होता."

"दोरच ना, राव?"

"दोरच रे. आणखी काय असणार?"

त्यानं चिखलाच्या हातानंच तोंड पुसलं. तो रडतोय हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्याच संध्याकाळी कारखान्यावर जाताना त्यानं सांगितलं. तो चाकणजवळच्या महाळुंग्याचा. घरची थोडी शेती. सुगीचे दिवस होते, खळं मोडायचं होतं, तो घरात झोपला होता. शेजारी बायको आणि आठ महिन्यांची पोर. जाग आली तेव्हा पहाट झाली होती आणि तो खळ्यावर होता. पोर शेजारी कडब्यावर, दवानं भिजलेली, हसत होती. बैलांची दावी यानंच झोपेत सोडली होती. बैल खळ्यावर मोकळे फिरत होते आणि त्यांच्या खुरांचे ठसे पोरीच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर उमटले होते.

"बायकू काय बोलली न्हाई, राव. नुसती बघत राह्यली. लोक म्हनाले, बाहेरचं हाय काहीतरी ह्याच्यात, लागीर हाय. ती न्हाई म्हनाली न्हाई."

त्यानंतर तो घरी झोपला नाही. आठवड्यानं कारखान्यात लागला. सुट्टीच्या दिवशी सायकलीवर महाळुंग्याला जायचा आणि दिवेलागणीच्या आत परत निघायचा. पोर आता तीन वर्षांची झाली होती. "इचारती मला, बा, तू रोज कुटं जातो निजाया? काय सांगू? माज्याच घरात मी दिवसाचा पाव्हना हाय."

तुम्हाला आता त्याची दया आली असेल. मला नाही आली. खरं सांगतो, माझ्या मनात आलं ते एवढंच: म्हणजे तुझ्या बायकोची झोप शाबूत राहावी म्हणून माझी गेली तर!

त्याच्या उशाशी भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. त्यानं ठरवून टाकलं होतं की ओळीनं तीस दिवस बोलणं नाही, उठणं नाही, असे गेले की घरी जाऊन झोपायचं. मी सकाळी "नाही" म्हणालो की तो एक रेघ ओढायचा. "हो" म्हणालो की ओलं फडकं घ्यायचा आणि सगळ्या रेघा पुसायचा. मधेच एखादा आठवडा शांत जायचा, पण जास्तीत जास्त नऊपर्यंत गेला होता. नऊ रेघा झालेल्या बघितल्या की दहाव्या दिवशी मला "हो" म्हणायला बरं वाटायचं. आहे मी तसा.

तेवढ्यात गावाकडून पत्रं यायला लागली. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि बायको माझ्या थोरल्या भावाकडं होती. तिला लिहिता येत नव्हतं. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घ्यायची, म्हणून मनातलं काही लिहिता यायचं नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची, "न्यायला केव्हा येणार ते कळवावे." मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "एक तर दोघे सडे राहा, नाहीतर एक बिऱ्हाड. तिघांचा काला माझ्या घरात चालायचा नाही. आणि खोली त्याची आहे, तू मागून आलास." दुसरी खोली आठ महिने शोधली. मिळाली नाही.

एका सकाळी मी भिंतीकडं बघत होतो. चार रेघा होत्या. तो म्हणाला, "बोललो का काय, राव?" रात्री दोनदा उठला होता. मी म्हणालो, "नाही." त्यानं पाचवी रेघ ओढली.

बस, इतकं सोपं होतं. उरल्या पंचवीस रेघा.

पण घुंगरं वाजली असती तर काकूंनी ऐकलं असतं आणि त्याला सांगितलं असतं. आम्हाला कारखान्यात हात पुसायला सुताचा गुंताडा मिळायचा, त्याला आम्ही वेस्ट म्हणायचो. त्याचे सात बारीक बोळे केले. तो झोपला की घुंगरांच्या फटींतून तारेनं ते आत कोंबायचे, तो उठायच्या आत बाहेर काढायचे. आठ दिवस हे केलं. मग कंटाळलो. नाहीतरी बांधताना-सोडताना तो घुंगरं मुठीत आवळून धरतो, आवाज होऊच देत नाही. त्याला कळणार कसं? बोळे आतच ठेवले.

आता गंमत बघा. घुंगरं मुकी झाल्यावर तो उठला हे मला कळायचं कसं? मग मी माझ्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधायला लागलो, तिचं दुसरं टोक त्याच्या पांघरुणाला. तो हलला की मी जागा. त्याला दारापर्यंत जाऊच द्यायचं नाही, खरचटू द्यायचं नाही, नाहीतर सकाळी गुडघा बघून त्याला शंका यायची. कानाशी हळूच "बस खाली" म्हणायचं, पाय पुसायचे, पांघरूण घालायचं. त्याच्या आईनं केलं नसेल एवढं मी त्या महिन्यात त्याचं केलं. आणि सकाळी "नाही" म्हणायचं.

विसाव्या रेघेच्या आसपास रातपाळी लागली. भर दुपारी बारा वाजता, बाहेर ऊन रखरखतंय, आणि सुतळीला ओढ बसली. तो अंथरुणात बसला होता, दोन्ही हात पुढं करून. म्हणाला, "जागी हाईस व्हय? चल. खळ्यावर चांदनं पडलंय. चल, तुला दावतो." आणि हवेतून काहीतरी उचललं, खांद्याशी धरलं, थोपटलं आणि उभा राहिला.

म्हणजे लागीर नव्हतं, बाहेरचं काही नव्हतं. लेकीला चांदणं दाखवायला नेलं होतं त्यानं. हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं, त्याच्या बायकोला माहीत नव्हतं, जगात एकट्या मला माहीत होतं. आणि हेही कळलं की घरी झोपला की तो पुन्हा तिला उचलणार.

मी म्हणालो, "बस खाली." तो अलगद बसला, हातातलं सांभाळून. संध्याकाळी उठल्यावर म्हणाला, "बोललो का काय, राव?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता, ते तुमचं तुम्ही बघा. मी म्हणालो, "छे! काही नाही."

तिसावी रेघ ओढली त्या सकाळी तो भिंतीपुढं कितीतरी वेळ बसून होता. मग एकदम वळला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस! मी पाय मागं घेतले. "तुमी माजं घर मला परत दिलं, राव," म्हणाला. काकूंनी त्याच्या हातावर साखर ठेवली. पोरीसाठी त्यानं लाल रिबीन घेऊन ठेवली होती ती सगळ्यांना दाखवली. पिशवी भरली, खुंटीवरची माळ काढली आणि मुठीत आवळून पिशवीत टाकली. "सवय हाय. चार दिस बांधीन अजून. वाजली तर बायकू उठंल."

हे मी ऐकलं. या कानांनी ऐकलं, आणि माझ्या डोक्यात त्या क्षणी हाच विचार होता की ट्रंक कुठं ठेवायची आणि चूल कुठल्या कोपऱ्यात मांडायची.

त्यानं आठवड्याची रजा काढली होती. चौथ्या दिवशी माझा भाऊ बायकोला घेऊन आला. काकूंनी ओटी भरली. नवा संसार मांडल्यावर माणसाला दुसरं काय सुचतं? पाचव्या दिवशी कारखान्यात हात पुसायला वेस्ट उचलला आणि मला एकदम आठवलं. बोळे घुंगरांतच होते. माळ वाजणार नव्हती. त्याची बायको उठणार नव्हती.

मुकादमाला पोटदुखी सांगितली आणि तसाच तेलकट कपड्यांनी सायकलीवर निघालो. इंद्रायणी ओलांडेपर्यंत स्वतःला शिव्या देत होतो, ओलांडल्यावर देवाला नवस बोलायला लागलो. सगळं सांगायचं ठरवलं. बोळे सांगायचे, रेघा सांगायच्या आणि चांदणंही सांगायचं. तो विचारणारच होता. मला बघितल्यावर दुसरं काय विचारणार? "बोललो का काय, राव?" की मी सांगणार, हो रे बाबा, बोललास, आणि असं असं बोललास.

महाळुंग्यात त्याचं घर एका म्हातारीनं दाखवलं. तो ओसरीवर बसला होता. घरात सामसूम. चूल पेटलेली दिसेना, पोरीचा आवाज येईना. त्यानं मला बघितलं आणि उठला नाही.

"पोरगी?" मी विचारलं.

"हाय. जिती हाय." मग थांबत थांबत त्यानं सांगितलं. पहिल्या तीन रात्री काही झालं नव्हतं. काल तांबडं फुटताना जाग आली तेव्हा तो विहिरीच्या काठावर बसलेला होता, पाय आत सोडून. पोर मांडीवर. समोर दहा हातांवर बायको उभी होती, तोंडात पदर कोंबून. तिला घुंगरांनी जाग आली नव्हती; अंथरूण चाचपलं तेव्हा कळलं होतं. हाक मारली तर दचकेल आणि दोघं आत जातील, म्हणून ती तशीच उभी राहिली होती. किती वेळ, ते तिनं सांगितलं नाही. तो जागा झाला, काठावरून मागं सरकला, तशी तिनं पोर घेतली आणि उजाडायच्या आत माहेरची वाट धरली.

"तिला 'बस खाली' शिकवलं नव्हतंस?"

"शिकवलं हुतं. पन तवाच ती म्हनाली, तुमी बरं झालाय म्हनून आला न्हवं, मंग ह्ये कशाला?"

 वाट बघत राहिलो. आता विचारेल, आता विचारेल. दीड वर्ष ज्या प्रश्नाची चीड आली तो एकदा त्यानं विचारावा म्हणून मी उभा होतो. त्यानं विचारलं नाही. उठून आत गेला, आला आणि माझा हात धरून त्यात काहीतरी ठेवलं. वेस्टचे सात बोळे, तेलानं काळे झालेले.

"तुमचं हाय. घिऊन जावा."

"अरे, ऐक तरी," मी म्हणालो. "तू झोपेत काय म्हणायचास सांगतो. पोरीला तू का उचलतोस ते मला ठाऊक आहे. शपथेवर सांगतो—"

त्यानं हात वर केला. आवाज चढवला नाही. "नगं. तुमच्या तोंडून नगं."

"पण खरं आहे रे ते!"

"आसंल." तो परत ओसरीवर बसला, माझ्याकडं पाठ करून. "पर आता मी ते खरं कसं धरू?"

मी ओरडून सांगायला हवं होतं. त्याच्या पाठीला सांगायला हवं होतं, शेजारच्या म्हातारीला सांगायला हवं होतं, त्याच्या सासुरवाडीचं गाव विचारून तिथं जायला हवं होतं. मी सायकलीवर बसलो आणि परत आलो. तो कामावर पुन्हा आला नाही. बायको नांदायला आली की नाही, मला माहीत नाही. पुढं कारखान्यात त्या गावची कितीतरी माणसं भेटली, पण मी एकालाही विचारलं नाही. भ्यालो.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बायको पदर खोचून ओलं फडकं घेऊन भिंत पुसत होती. काळं पाणी ओघळून खाली फरशीवर आलं होतं. शेवटच्या दोन-तीन रेघा उरल्या होत्या, त्याही तिनं माझ्या डोळ्यांदेखत पुसल्या.

"कसल्या रेघा होत्या हो या?" तिनं विचारलं.

बोळे अजून माझ्या मुठीत होते. मी म्हणालो, "काही नाही."